दुपारी एकचा संघ

आमच्याकडे फ्रीजवर दरवर्षी एक नवं चुंबक येतं. घरं विकणारे एजंट ते पत्राच्या पेटीत टाकून जातात. वर त्यांचा हसरा फोटो, खाली डेट्रॉईट लायन्स या आमच्या फुटबॉल संघाचं वेळापत्रक. मी तारखा बघायचोच नाही, शेवटचा, वेळेचा रकाना बघायचो. एक, एक, एक, चार, एक, एक. वरपासून खालपर्यंत दुपार.

अमेरिकन फुटबॉलमध्ये इभ्रत मोजायची तर ती याच रकान्यात. ३२ संघ, आठवड्याला सोळाच्या आसपास सामने. त्यातले गुरुवार, रविवार आणि सोमवारच्या रात्रीचे मोजकेच सामने सगळा देश बघतो. बाकीचे बहुतेक रविवारी दुपारी एकला नाहीतर चारला, आपापल्या प्रांतापुरते. म्हणजे पंगत मोठी, पण सोन्याची ताटं तीनच. मे महिन्यात वेळापत्रक जाहीर होतं आणि कुणाला किती रात्री मिळाल्या यावर लोक महिनाभर भांडतात. डॅलसला पोतंभर मिळणार हे ठरलेलं, जिंको वा हरो. मोठ्या घरची माणसं.

मी मिशिगनला, म्हणजे डेट्रॉईटच्या राज्यात, आलो २००८ च्या उन्हाळ्यात. ऑगस्टमधले सरावाचे चारही सामने लायन्सनी जिंकले आणि मी भाबडेपणाने हा संघ आपला म्हणून टाकला. मग खरा हंगाम सुरू झाला आणि ते सोळाच्या सोळा सामने हरले. सोळा सामन्यांच्या हंगामात हा पराक्रम त्याआधी कुणी केला नव्हता. मिनेसोटातला एक सामना तर फक्त दोन गुणांनी गेला, १२-१०. ते दोन गुण कसे गेले? आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, डॅन ऑर्लोव्स्की पाठलाग चुकवता चुकवता मैदानाच्या मागच्या रेषेबाहेर पळाला, आणि तो बाहेर गेलाय हे त्याला स्वतःलाच कळलं नाही. आज हा गृहस्थ टीव्हीवर फुटबॉलचं विश्लेषण करतो, आणि चांगलं करतो. लायन्सचा माणूस नियमितपणे टीव्हीवर दिसायचा तर त्याने आधी खेळ सोडायला हवा, असं आम्ही तेव्हा म्हणत असू.

त्यात आणखी एक नियम होता. सामन्याच्या ७२ तास आधी सगळी तिकिटं खपली नाहीत, तर तो सामना गावातल्या टीव्हीवर दाखवायचाच नाही. गाड्यांच्या कंपन्या सरकारपुढे हात पसरत होत्या, शहरात लोकांच्या नोकऱ्या जात होत्या, तिकिटं कोण घेणार? देशाने बघायचं तर दूरच, कधीकधी डेट्रॉईटलाही डेट्रॉईट दिसायचं नाही. २०१५ मध्ये हा नियम बाजूला ठेवला, तेव्हा कुठे निदान घरच्यांपुरते आम्ही कायमचे दिसू लागलो.

तरी एक मान मात्र लायन्सकडे पूर्वीपासून आहे. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी त्यांचा घरचा सामना असतोच. १९३४ साली संघ विकत घेऊन डेट्रॉईटला आणणारे मालक रेडिओ स्टेशनवाले. गावात बेसबॉलपुढे फुटबॉलला कोण विचारतो, म्हणून त्यांनी सुटीच्या दिवशी सामना ठेवला आणि ९४ रेडिओ केंद्रांवरून देशभर ऐकवला. सामना हरले, पण प्रथा राहिली. आपल्याकडे एखाद्या घराण्याचा वाडा पडलेला असतो, जमिनी कुळांकडे गेलेल्या असतात, पण जत्रेत पालखीला पहिला खांदा त्यांचाच. तसं हे. फक्त पालखीही निघते ती भर दुपारी.

बाबांना सांगलीत फोनवर हे सगळं समजावताना मजा यायची. इथली दुपारची एक म्हणजे तिथे रात्रीचे साडेदहा, नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की साडेअकरा. बाबांना रात्री झोप नाही, त्यामुळे फोन त्याच वेळी.

"तुझे वाघ हरले का?"

"सिंह, बाबा. वाघ बेसबॉलवाले."

"एकाच गावात वाघ पण आणि सिंह पण?"

वाघांनीही २००३ मध्ये एका हंगामात ११९ सामने हरून दाखवले होते, हे मी त्यांना सांगितलं नाही. पण एक गोष्ट त्यांच्यामुळे लक्षात आली. अमेरिकेतला भर रात्रीचा सामना सांगलीत दूधवाल्याबरोबर येतो आणि कुणीही न विचारलेला दुपारचा सामना तिथल्या ऐन रात्री. महाराष्ट्र सरकारचा तर याला दाखलाच आहे. २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सनी मराठी सिनेमा प्राइम टाइमला लावावा असं फर्मान निघालं. आधी म्हणे संध्याकाळी सहा ते नऊ. मग वाटाघाटी झाल्या आणि ठरलं, दुपारी बारा ते रात्री नऊ. त्या व्याख्येने लायन्स जन्मभर प्राइम टाइमलाच खेळलेत.

खरं सांगायचं तर मला त्या एकचा राग नव्हता. वरण-भात, लिंबू, बटाट्याच्या काचऱ्या, समोर टीव्ही. पहिलं क्वार्टर जेवताना, दुसरं आडवं पडून, तिसरं झोपेत. चौथ्यात डोळे उघडावेत तर संघ बेतशीर हरत आलेला. इतकी भरवशाची वामकुक्षी मला सांगलीतही लाभली नव्हती.

राग यायचा तो शेजारच्या काकांना. (आम्ही घरात त्यांना काका म्हणतो, हे त्यांना ठाऊक नाही.) गाड्यांच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीत आयुष्य काढलेला माणूस. १० ऑक्टोबर २०११ ला लायन्सना सोमवारची रात्र मिळाली, ती दहा वर्षांनी, आणि तीही फोर्ड फील्ड या घरच्या मैदानावर. काका गेले होते. लोक एवढे ओरडले की शिकागोच्या खेळाडूंना स्वतःचा क्वार्टरबॅक ऐकू येईना. चेंडू सुटायच्या आधीच हलल्याबद्दल त्यांना नऊ वेळा दंड झाला. आम्ही जिंकलो. काकांचा आवाज तीन दिवस बसला होता, पण त्या नऊपैकी नऊ दंड ते मला ड्राइव्हवेत हातवारे करून दाखवायचे.

२०२२ च्या चुंबकावर पुन्हा एकही रात्र नव्हती. मात्र शेवटच्या आठवड्याच्या वेळा आदल्या आठवड्यात ठरतात. लायन्सनी एक विजय, सहा पराभव अशा सुरुवातीवरून असं काही डोकं वर काढलं की ८ जानेवारी २०२३ चा ग्रीन बेचा सामना रविवारच्या रात्रीसाठी उचलला गेला. सगळा देश बघणार. आणि नशीब असं, की त्याच संध्याकाळी सिॲटल जिंकलं आणि चेंडू उडायच्या आधीच लायन्स बाद फेरीच्या शर्यतीतून बाद झाले. ग्रीन बे जिंकलं असतं तर ते मात्र पुढे जाणार होतं.

मी फोन टीव्हीकडे धरून बसलो होतो. सांगलीत सकाळ झालेली, बाबांच्या हातात चहाचा कप.

"हे बाद झालेत म्हणालास ना?"

"हो."

"मग एवढं जीव तोडून कशाला खेळतायत?"

मी काही बोललो नाही. २०-१६. ग्रीन बेच्या मैदानात, ग्रीन बेला घरी बसवून. बाबा म्हणाले, थांब, दुसरा कप घेऊन येतो.

त्यानंतर दिवस पालटले. पुढचा हंगाम लायन्सनीच उघडला, गुरुवारी रात्री, गतविजेत्या कॅन्सस सिटीला हरवून. जानेवारी २०२४ मध्ये ३२ वर्षांनी बाद फेरीतला सामना जिंकला, तोही रात्री. आता चुंबकाच्या रकान्यात आठ-पंधरा, आठ-वीस असले आकडे दिसतात. सामना संपेतो साडेअकरा, सोमवारच्या सकाळच्या मीटिंगला माझे डोळे लाल. काका तर नऊला झोपणारे. बर्फ ढकलता ढकलता सकाळी मला स्कोअर विचारतात. "आयुष्यभर हरताना बघितलं," ते परवा म्हणाले, "आता जिंकतात तेव्हा मी घोरत असतो."

आणि रविवारी दुपारी एकला घर सुनं सुनं वाटतं. २०२५ च्या वेळापत्रकात टेनेसीला एकही रात्र मिळाली नाही. क्लीव्हलँडलाही नाही, आणि १९७० मध्ये सोमवारच्या रात्रीचा पहिला सामना त्यांच्याच मैदानावर झाला होता. परवा लायन्स रात्री होते, म्हणून दुपारी टेनेसी लावलं. भात वाढून घेतला. तेवढ्यात बाबांचा फोन.

"आज कोण हरतंय?"

"टेनेसी."

"त्यांचा प्राणी कुठला?"

"प्राणी नाही, टायटन्स. दैत्यांसारखं काहीतरी."

"बरं," बाबा म्हणाले, "मग तू झोपेपर्यंत मीही जागतो."