कवडी काय रुपया शे का?

सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी द्यायची ठरवली तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. बीजगणिताची बाकीची प्रकरणं पार पडली, संभाव्यतेपाशी मात्र अडले. छापा पडण्याची संभाव्यता १/२ हे पाठ होतं. घरी दहा वेळा रुपया उडवला तर सात वेळा छापा. मग खरं काय, १/२ की ७/१०?

आखाजीला माहेरी, अमळनेर तालुक्यात गेले तेव्हा दादाला विचारलं. तो शाळेत गणित शिकवतो. "पाचशे वेळा उडव आणि लिहून ठेव," एवढंच म्हणाला.

भर दुपारी बाहेर पाय ठेववत नव्हता. ओसरीत बसून मी रुपया उडवत होते, भाची वहीत रेघा ओढत होती, चार उभ्या अन् पाचवी आडवी. शंभराला ५४ छापे आले, पाचशेला २५६. मला वाटलं बिघडलंच, कारण निम्म्यापेक्षा आधी २ छापे जास्त होते, मग ४, आता ६. फरक वाढतच चाललेला! दादानं भागाकार करायला लावला. ०.७, ०.५४, ०.५१२. छाप्यांचा फरक वाढला तरी प्रमाण ०.५ कडे सरकत होतं. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. पहिले सात छापे भरून काढायला नाणं पुढे काटे जास्त देत नाही. पुढच्या फेकी इतक्या होतात की ते सात त्यात बुडून जातात. कार्ल पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञानं २४,००० वेळा नाणं उडवलं होतं, छापे आले १२,०१२. निम्म्यापेक्षा १२ जास्त, पण प्रमाण ०.५००५.

आजी झोपाळ्यावरून हे सगळं बघत होती. तिच्या डबीत सारीपाटाच्या जुन्या कवड्या आहेत. मी म्हटलं, कवडीचंही तसंच असणार, उताणी नाहीतर पालथी, म्हणजे १/२. आजी म्हणाली, "कवडी काय रुपया शे का, माय?"

दादा एकदम सरसावून बसला. पुस्तकातलं १/२ कुठून येतं? दोन्ही निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेच्या, आहेत असं आपण धरतो म्हणून. रुपयाच्या दोन बाजू जवळजवळ सारख्या, तिथं ते धरता येतं. कवडीची पाठ फुगीर आणि पोटाला चीर. दोनच शक्यता आहेत म्हणून त्या सारख्या होत नाहीत. इथं आधी फेकूनच बघावं लागतं.

चार कवड्या शंभर वेळा फेकल्या, म्हणजे ४०० पडणं. त्यात उताण्या २३२. प्रमाण ०.५८.

चारही उताण्या पडण्याची संभाव्यता मी आधी १/१६ काढली होती, म्हणजे शंभरात साधारण सहा वेळा. प्रत्यक्षात बारा वेळा पडल्या. मग ०.५८ चा चार वेळा गुणाकार केला, ०.११३ आलं, शंभरात अकराच्या आसपास. मी हरखले, पण दादानं थांबवलं. ज्या फेकींवरून ०.५८ काढलं त्याच फेकींनी ते पडताळायचं नाही, नव्या शंभर फेक. मला हे फार पटलं. पुस्तकातल्या कुठल्याही उदाहरणापेक्षा मी यातून जास्त शिकले.

दिवेलागणीला नव्या शंभर फेकल्या. मोजायला आजी स्वतः खाली येऊन बसली. चारही उताण्या पडल्या दहा वेळा. सहापासून लांब, अकराच्या जवळ. एका शंभरावरून छातीठोक सांगता येत नाही, हे आता मलाच कळत होतं, म्हणून आणखी शंभर फेकायच्या होत्या. तेवढ्यात आजीनं चार चिंचोके आणून फरशीवर घासायला घेतले, एक बाजू पांढरी होईपर्यंत. भाचीनं वहीचं नवं पान काढलं आणि वर दोन रकाने पाडले, काळी, पांढरी.