मोहरी, बाजरी, हरभरा : बंदुकीच्या दुकानातली आमची वाटचाल

आमच्या दुकानात गल्ल्यामागे, लक्ष्मीच्या तसबिरीखाली एक सागवानी फळी टांगलेली आहे. हातभर लांब, वीतभर रुंद. तिच्यात एका ओळीत बारीक खळगे कोरलेत आणि प्रत्येक खळग्यात शिशाचा एकेक छर्रा, म्हणजे काडतुसात भरतात तो दाणा, लाखेनं बसवलाय. डाव्या टोकाचा मोहरीएवढा, उजव्या टोकाचा काबुली चण्याएवढा. खाली आजोबांच्या अक्षरात नंबर आहेत : ९, ८, ७, ६, ५, ४, ३, १, मग बीबी, एएए, एसजी, एलजी. मी अंक शिकलो ते या फळीवरून. पहिलीत बाईंनी विचारलं, नऊ मोठा की एक मोठा? मी ठणकावून सांगितलं, एक. पट्टी खाल्ली, पण आमच्या धंद्यात ते उत्तर आजही बरोबर आहे. छर्ऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक.

दुकान नाशकात, रविवार कारंज्यापासून चालत पाच मिनिटांवर. आजोबा मुळात कारागीर. देवळाली कॅम्पात लष्करी साहेबांच्या शिकारीच्या बंदुका दुरुस्त करायचे, दस्ते बसवायचे, नळ्या आतून घासून द्यायचे. विक्रीचा परवाना पुढे मिळाला. त्या काळी गिऱ्हाईक म्हणजे इनामदार, जंगलाचे ठेकेदार, कॅम्पातले अधिकारी आणि हौशी वकील मंडळी. थंडीत बदकांसाठी नांदूर मधमेश्वर, एरवी पेठ-सुरगाण्याकडचं रान. माणूस दारात आला की आजोबा नंबर विचारत नसत, ‘कशासाठी?’ एवढंच विचारत. लावा पक्षी म्हटला की आठ, तित्तर म्हटला की सहा, बदक म्हटलं की चार. गिऱ्हाईकानं आपणहून नंबर सांगितला तरी आजोबांचा प्रश्न ठरलेला. बाहेर बसलेली माणसं हसायची, की हा दुकानदार आहे का वैद्य.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनं उरलीसुरली शिकारही जवळपास संपली. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, ‘सरकारनं आपलं गिऱ्हाईक एका रात्रीत नेलं असतं तर बरं, वीस वर्षं थोडं थोडं नेलं.’ दुकान त्यांच्या हाती आलं तेव्हा कपाटं भरलेली आणि बाकडं रिकामं. तरी कायद्याविरुद्ध ते कधी बोलले नाहीत. मीही बोलणार नाही. ज्या नांदूरच्या पाण्यावर आजोबांची गिऱ्हाइकं चार नंबर उडवायची, ते आज महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे आणि मी तिथं दुर्बीण घेऊन जातो. तळाच्या गाळात आमच्याच दुकानातलं शिसं किती पडलं असेल, हा विचार मात्र दर वेळी येतो. बदकं खडे समजून ते दाणे गिळतात आणि विषबाधेनं मरतात. म्हणून तर अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीला शिशाचे छर्रे चालत नाहीत, युरोपीय संघानंही २०२३ पासून पाणथळ जागी त्यांना मनाई केली.

अण्णांना तारलं ते बँकांनी. पहारेकऱ्याच्या खांद्यावरची बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीचं माप, ते पुढे सांगतो) एकनळी किंवा दुनळी हेच आमचं नवं गिऱ्हाईक. विक्री थोडी, दुरुस्ती जास्त. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांनी बंदुका जमा करायच्या, त्यातल्या काही आमच्याकडे ठेवायला येतात. रजिस्टर लिहून लिहून बोट दुखतं. या धंद्यात दुकानदार निम्मा कारकून असतो. कोणत्या परवान्यावर, किती काडतुसं, कोणत्या तारखेला, आणि तीच नोंद गिऱ्हाइकाच्या परवान्यावरही. एका वेळी किती आणि वर्षाला किती घ्यायची तेही परवान्यावर लिहिलेलं असतं. त्यापुढे एकही देता येत नाही.

आता नंबराचं थोडं सविस्तर सांगतो, कारण दुकानात निम्मा वेळ यातच जातो.

आधी बोअर. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी जाड, तेवढी बारा बोअरची नळी, साधारण १८.५ मिलिमीटर. वीस गोळ्या केल्या तर गोळी लहान, म्हणून वीस बोअरची नळी बारापेक्षा अरुंद. इथंही आकडा वाढला की माप घटतं. अपवाद चारशे दहाचा. तो गोळ्यांचा हिशेब नाही, सरळ इंचातली नळीची रुंदी आहे, ०.४१० इंच.

छर्ऱ्यांचे नंबर आपल्याकडे इंग्रजांच्या पद्धतीचे. आजी ते धान्यात सांगायची. नऊ नंबर म्हणजे मोहरी, २ मिलिमीटर. सहा म्हणजे बाजरी, २.६. बीबी म्हणजे ज्वारी, ४ च्या किंचित वर. एसजी म्हणजे हरभरा, ८.४, आणि एलजी त्याहून टपोरा, ९.१. एका औंसात, म्हणजे सव्वाअठ्ठावीस ग्रॅमला थोडं जास्त एवढ्या शिशात, नऊ नंबरचे सुमारे ५८० दाणे बसतात, सहाचे २७०, चारचे १७०, बीबीचे ७०, एसजीचे ८ आणि एलजीचे अवघे ६. हे आकडे नीट पाहा. एलजीचा दाणा नऊ नंबराच्या साडेचारपट जाड, पण वजनाला जवळजवळ शंभरपट. जाडी दुप्पट झाली की वजन आठपट होतं, त्याची ही करामत.

म्हणून ‘जोरदार नंबर द्या’ या मागणीला अर्थ नसतो. काडतुसातलं शिसं तेवढंच राहतं, तुम्ही फक्त त्याचे तुकडे ठरवता. बारीक दाणे घेतले तर पडदा दाट पडतो, पण ते लवकर दमतात. जाड घेतले तर दूर जातात, पण दोन दाण्यांच्या मधून म्हैस निघून जाईल एवढी जागा राहते. (म्हैस हा अण्णांचा शब्द. मी आपला ससा म्हणतो.) त्यात चोक आला. बागेत पाइपच्या तोंडाशी बोट दाबून आपण धार लांब नेतो, तसं नळीचं तोंड किंचित आवळलेलं असतं. फुल चोक असेल तर चाळीस यार्डांवर तीस इंचांच्या वर्तुळात सुमारे सत्तर टक्के दाणे पडतात, सरळ नळीतून चाळीस टक्केच. तेव्हा नंबर सांगण्याआधी मी बंदूक मागून घेतो आणि नळीचं तोंड बघतो.

काही वर्षांपूर्वी मेन रोडवरच्या एका बँकेचे व्यवस्थापक आले. पहारेकरी बदलला होता, काडतुसं जुनी झाली होती. म्हणाले, ‘शेठ, सगळ्यात मोठी द्या, एलजी.’ मी विचारलं, ‘तुमचा माणूस उभा कुठं राहतो?’ काचेच्या दारापाशी, तोंड रस्त्याकडे. मी कागद घेतला. छर्ऱ्याची इंचातली जाडी गुणिले २२००, म्हणजे तो जास्तीत जास्त किती यार्ड जाऊ शकतो याचा ढोबळ अंदाज मिळतो. नऊ नंबराला ०.०८ धरलं तर पावणेदोनशेच्या आसपास. एलजीला ०.३६ धरलं तर ७९२ यार्ड, म्हणजे सातशे मीटरांच्या वर. मेन रोडवर सातशे मीटरांत किती माणसं असतात, दिवाळीच्या आधी? साहेब गप्प झाले. काडतुसं त्यांच्या कार्यालयाच्या लेखी सूचनेप्रमाणेच गेली, पण पुढच्या खेपेला मी बँकेत गेलो तेव्हा पहारेकऱ्याचं स्टूल आतल्या बाजूला होतं, अशा कोपऱ्यात की त्याच्यासमोर दगडी भिंत यावी. त्या दिवशीचा नफा मी चहावर उडवला.

निफाड-दिंडोरीकडचे बागायतदार शेतीसंरक्षणाचा परवाना घेऊन येतात. ‘काका, डुकरं लई माजलीत, घड लोळवून जातात.’ त्यांचं नुकसान मला कळतं, माझी सासुरवाडी तिकडचीच. पण परवाना बंदुकीचा आहे, डुकराचा नाही, हे दर वेळी समजवावं लागतं. वनखात्याची लेखी परवानगी नसेल तर जनावरावर बार टाकता येत नाही. माणसं रागावतात. एकदा एकानं वरातीत हवेत उडवायला दोन काडतुसं मागितली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदानं झाडलेल्या गोळीलाही दोन वर्षांपर्यंत कैद आहे. मी काडतुसं दिली नाहीत, त्यांनी लग्नाला बोलावलं नाही.

आता माझी चूक. नवीन असताना एका सद्गृहस्थांना मी बारा बोअरची ७० मिलिमीटरची काडतुसं दिली. त्यांची दुनळी वडिलोपार्जित, विलायती. काडतूस आत सहज बसलं म्हणून दोघंही खूश. ते पायरी उतरत असतानाच अण्णा देवळातून आले, बंदूक हातात घेऊन नळीखालचं कोरीव अक्षर वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. बंदूक अडीच इंची होती, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या काडतुसाची. काडतुसावर लिहिलेली लांबी ही ते उडाल्यावर तोंड उलगडल्यानंतरची असते. भरलेलं काडतूस आखूड असतं, म्हणून ते नळीतल्या लहान घरातही, म्हणजे काडतूस बसायच्या आखूड जागेतही, बसतं. बार उडताना तोंड उलगडायला जागा मिळत नाही, दाब भलताच वाढतो. जुन्या नळीला ते झेपलं नसतं. अण्णांनी गिऱ्हाइकासमोर एक शब्द काढला नाही. काडतुसं बदलून दिली, नोंद दुरुस्त केली आणि पुढचे सहा महिने मला फक्त दस्त्यांना तेल लावायचं काम होतं.

याहून वाईट घोटाळा वीस आणि बाराचा. वीस बोअरचं काडतूस बाराच्या नळीत टाकलं तर ते घरंगळत पुढे जाऊन अडकतं, बाहेरून नळी रिकामी वाटते. माणूस वर बाराचं भरतो आणि चाप ओढतो. नळी फुटते, पुढचा हात जातो. म्हणूनच वीस बोअरचं काडतूस पिवळ्या रंगाचं बनवतात. आमच्याकडे ती वेगळ्या कपाटात, वेगळ्या किल्लीखाली. एका खिशात दोन बोअर कधी नकोत.

पावसाळ्यात कागदी काडतुसं फुगायची. आजोबा ती चुलीशेजारच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायचे, हे ऐकून आज माझ्या पोटात गोळा येतो. हल्ली प्लॅस्टिकची असतात, पण पितळी बुडाला हिरवं चढलं तर मी विकत नाही. एकदा एका वाहतूकदारानं आषाढात खोकी उघड्या टेम्पोत आणली, वरचा थर भिजलेला. अख्खा माल परत केला, महिनाभर दुकानात विकायला काही नव्हतं. आमचा बहुतेक माल खडकीचा, शक्तिमान छापाचा. १८६९ पासूनचा कारखाना, २०२१ मध्ये सरकारी कंपनीत गेला, पण खोक्यावरचं नाव तेच.

गेल्या काही वर्षांत नवं गिऱ्हाईक दिसू लागलंय, नेमबाज मुलं-मुली. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये राज्यवर्धन राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्य मिळवलं, तेव्हापासून ट्रॅप-स्कीट, म्हणजे उडत्या थाळ्या टिपायचे खेळ, हे शब्द घराघरांत गेले. या मुलांचा हिशेब वेगळा. काडतुसात शिसं २४ ग्रॅम, दाणा २.६ मिलिमीटरपेक्षा मोठा नको, आणि समोर ११० मिलिमीटरची ठिसूळ थाळी. ट्रॅपमध्ये थाळी दूर पळते म्हणून साडेसात नंबर, स्कीटमध्ये जवळून जाते म्हणून नऊ. ही मुलं मोबाइलवर अमेरिकन तक्ते वाचून येतात. तिथं एक सोपी युक्ती आहे, सतरातून नंबर वजा करा, उरेल तो इंचाचा शंभरावा भाग. आठ नंबर म्हणजे ०.०९ इंच. युक्ती छान आहे, पण फक्त अमेरिकन नंबरांना लागू. तिकडचा सहा २.८ मिलिमीटरचा, आपला सहा २.६ चा. तिकडचा सहा म्हणजे आपला पाच.

हे सगळं माझी मुलगी सांभाळते. इंजिनिअरिंग करून ती दुकानात आली तेव्हा नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली. पहिल्याच आठवड्यात तिनं व्हर्नियर कॅलिपर आणला आणि आजोबांची फळी खाली उतरवून एकेक छर्रा मोजायला घेतला. अण्णा खुर्चीत बसून बघत होते. नऊ बरोबर, आठ बरोबर, सात बरोबर. सहाच्या खळग्यापाशी ती थांबली. पुन्हा मोजलं.

‘आजोबा, हा २.८ आहे. हा आपला सहा नाहीच.’

माळ्यावरच्या जुन्या सामानात दुसऱ्या दिवशी अमेरिकन काडतुसांचं एक रिकामं खोकं सापडलं, त्यावर ठळक सहा. आजोबांनी फळी करताना हाताशी आलेलं काडतूस फोडलं असणार. म्हणजे त्या खळग्यावर बोट ठेवून मी तरी जन्मभर सगळ्यांना सहा म्हणून पाच दाखवला. अण्णा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मुलगी म्हणाली, बदलून टाकते. ते म्हणाले, लाख काढलीस तर खळगा फुटेल, राहू दे.

फळी परत भिंतीवर गेली आहे. सहाच्या खाली मुलीनं पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलंय : ‘अमेरिकन’.