दंडावरची पट्टी

जून २०२१. मी न्यू जर्सीत इमर्जन्सीला नर्स आहे. सकाळी १७ वर्षांचा एक मुलगा आला, सोबत आई, आडनाव वाचलं आणि आम्ही सरळ मराठीतच बोलायला लागलो. पोरगा सॉकर खेळणारा, काटक, पण पुढे वाकून बसलेला, म्हणे आडवं झालं की छातीत जास्त दुखतं. एवढ्याशा मुलाला छातीत दुखतंय म्हटलं की अ‍ॅसिडिटी नाहीतर मसल पेन हेच आधी मनात येतं, खरं सांगते, माझ्याही आलं. ईसीजीसाठी टीशर्ट काढला तर डाव्या दंडावर छोटी गोल पट्टी, कडा मळलेल्या, अजून तशीच चिकटलेली. फायझरच्या कोविड लसीचा दुसरा डोस, तीन दिवस झालेले.

मे अखेरीस सीडीसीच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या, सूचना आल्या होत्या, लसीनंतर तरुण मुलांच्या छातीत दुखलं तर हृदयाला सूज आलीय का ते बघा म्हणून. मी धावतच डॉक्टरांना गाठलं. ईसीजी बदललेला, ट्रोपोनिन खूप वाढलेलं, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा. मायोकार्डायटिस, म्हणजे तीच हृदयाच्या स्नायूची सूज. इकोमध्ये पंपिंग नीट दिसलं तेव्हा कुठे जिवात जीव आला.

आई म्हणाली, "ताई, मीच मागे लागले हो त्याच्या. माझी आई एप्रिलमध्ये साताऱ्याला कोविडने गेली, बेड मिळाला नाही, म्हणून घाई केली." मी तिचा हात धरून बसले, दुसरं काय करणार. पण डॉक्टरांनी लपवलं नाही, लसीमुळेच झालेलं दिसतंय असं स्पष्ट सांगितलं, आणि खुद्द कोविडने ही सूज जास्त वेळा येते हेही सांगितलं. नंतर सीडीसीचा आकडा आला, १२ ते २९ वयाच्या मुलग्यांत आणि तरुण पुरुषांत दर १० लाख दुसऱ्या डोसमागे साधारण ४१ केसेस. क्वचितच, पण त्या माउलीसाठी तो एकच होता ना! असं काही होतच नाही म्हणणाऱ्यांचा मला तेव्हापासून फार राग येतो आणि याच केसेस दाखवून लस घेऊच नका म्हणणाऱ्यांचाही तेवढाच.

आयबुप्रोफेन, मॉनिटर, आराम, ट्रोपोनिन उतरत गेलं. निदान तीन महिने सॉकर बंद म्हटल्यावर मात्र पोरगा रडला, तोवर डोळ्यात टिपूस नव्हतं. शिफ्ट संपल्यावर मी त्याच्या लसीच्या कार्डावरचा लॉट नंबर बघून व्हेअर्सचा, म्हणजे लसीनंतरच्या त्रासाची नोंद ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेचा, रिपोर्ट भरला, दोनदा तपासला.

चौथ्या दिवशी घरी जाताना आईने विचारलं, धाकटीचा पहिला डोस शनिवारी आहे, काय करू? डॉक्टर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले, मुलींमध्ये हे कितीतरी कमी दिसतं इथपासून सुरुवात केली, आणि तिचे प्रश्न संपेपर्यंत उठले नाहीत.