गोठ्यात खाली कोरडे आहे ना?

शिवाजीनगरच्या वेधशाळेत पारा ९ अंशांपर्यंत उतरला की हडपसरला आमच्या सोसायटीत कानटोप्या बाहेर निघतात आणि मी जुन्नरला अण्णांना फोन लावतो. अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : गोठ्यात खाली कोरडे आहे ना? थंडी किती पडली, हे मी त्यानंतर विचारतो. प्रश्नांचा हा क्रम लागण्याआधी आम्हांला एक कालवड गमवावी लागली, आणि ती का गेली हे नीट लिहून काढावे असे बरेच दिवस मनात आहे.

कुकडीच्या काठावर आमची शेती आहे. दोन खिलार बैल, तीन संकरित गाई, एक म्हैस आणि त्या त्या वर्षीची वासरे एवढा आमचा गोठा. नदीकाठच्या खोलगट शिवारात पहाटे थंड हवा साठून राहते, त्यामुळे शहरापेक्षा आमच्याकडे गारठा नेहमीच जास्त असतो. त्यात उसाची तोड सुरू झाली की उसात राहणारे बिबटे बाहेर पडतात, आणि जुन्नर-आंबेगाव भागात अंधार पडल्यावर जनावर उघड्यावर बांधण्याची सोय राहिलेली नाही. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, यावरूनच या भागातले त्यांचे प्रमाण लक्षात यावे. आमच्याकडे हिवाळ्यात गोठे बंद होतात ते थंडीइतकेच बिबट्याच्या भीतीने.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत थंडीची लाट आली, तेव्हा मी पुण्याहून जाड प्लॅस्टिकची ताडपत्री घेऊन गेलो आणि आम्ही गोठ्याच्या चारही बाजू थेट पत्र्यापर्यंत बंद करून टाकल्या. रात्री आत गेल्यावर छान ऊब जाणवत होती आणि अण्णांच्या मनावरचे ओझेही उतरले होते. पाचव्या दिवशी पहाटे दार उघडले, तर आतल्या वाफेबरोबर मुताचा असा उग्र दर्प आला की डोळ्यांतून पाणी यावे. पत्र्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले होते आणि ते एकेक करून गाईंच्या पाठीवर ठिबकत होते. बारा दिवसांची कालवड कोपऱ्यात मान पुढे ताणून उभी होती. तिच्या बरगड्या भात्यासारख्या हालत होत्या, नाकातून पातळ शेंबूड येत होता आणि कानाच्या मुळाशी हात लावला तर अंग तापलेले होते. ताप १०५ अंश फॅरेनहाइट भरला. एरवी वासराचा तो १०१ ते १०२ च्या आसपास असतो. डॉक्टर आले, इंजेक्शने झाली, तरी तिसऱ्या रात्री ती गेली.

डॉक्टरांनी जे सांगितले ते तेव्हा ऐकवत नव्हते. मोठे जनावर श्वासावाटे आणि मूत्रावाटे रोज कित्येक लिटर पाणी बाहेर टाकते. वर फट नसेल तर ती वाफ गोठ्यातच फिरते, आणि मुतापासून तयार होणारा अमोनिया जमिनीलगत, म्हणजे बरोबर बसलेल्या वासराच्या नाकाच्या उंचीवर राहतो. त्याने फुफ्फुसाकडे जाणाऱ्या नळ्यांचे आतले अस्तर दुखावते, आणि एरवी निरुपद्रवी ठरणारे जंतू तिथे घर करतात. ‘ऊब कोंडायला गेलात आणि ओल कोंडून बसलात,’ एवढेच ते म्हणाले. ताडपत्री मीच नेली होती, ही गोष्ट मी अजून विसरलेलो नाही.

त्यानंतर या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. कॅनडातला अल्बर्टा किंवा अमेरिकेतला मोंटाना या भागांत मांसासाठी पाळलेल्या अँगस आणि हेरफर्ड जातींच्या गाई उणे २० अंशांतही उघड्या कुरणावर हिवाळा काढतात. अंगावर चरबी धरलेली, दाट लव वाढलेली आणि कोरडी असलेली गाय साधारण शून्य अंशापर्यंत जास्तीचा चारा न मागता टिकते, असा तिथला हिशेब आहे. तीच गाय भिजली तर तिला १५ अंशांनाच थंडी बाधू लागते, आणि त्याखाली उतरणाऱ्या प्रत्येक अंशामागे नुसते शरीर राखण्यासाठी लागणारी ऊर्जा सुमारे २ टक्क्यांनी वाढते. म्हणून तिथले पशुपालक वाऱ्याला आडोसा, पेंढ्याचे कोरडे अंथरूण आणि लाट येण्याआधी वाढवलेली वैरण या तीन गोष्टींवर सगळा भर देतात. आपल्याकडे गाई-बैल पाळण्याचे प्रयोजन वेगळे आहे आणि राज्यात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीलाही बंदी आहे. पण जनावराच्या अंगातल्या उष्णतेचा जमाखर्च दोन्हीकडे सारखाच चालतो.

पुण्यात आजवर नोंदलेले सर्वांत कमी तापमान १७ जानेवारी १९३५ चे, १.७ अंश आहे. खिलारची कातडी पातळ आणि लव आखूड, त्यामुळे शून्याचा आकडा त्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही कोरड्या अंगाच्या, भरल्या पोटाच्या मोठ्या जनावराला आपल्या थंडीचे फार भय बाळगण्याचे कारण नाही. पण १५ चा आकडा पाहिला की छातीत धस्स होते, कारण डिसेंबर-जानेवारीतली आपली जवळपास प्रत्येक रात्र त्याच्या खाली असते. डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत अवकाळी पाऊस झाला आणि जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात मेंढपाळांच्या मेंढ्या मोठ्या संख्येने दगावल्या. पारा काही विक्रमी उतरला नव्हता. लोकर भिजली होती, वारा सुटला होता आणि उघड्या शेतात बसवलेल्या वाड्यांना कसलाही आडोसा नव्हता.

कालवड गेली त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात आम्ही गोठा बदलून घेतला. बिबट्यासाठी चारही बाजूंना जमिनीपासून पत्र्यापर्यंत लोखंडी जाळी बसवली. वाऱ्यासाठी उत्तर आणि पूर्व बाजूंना बारदानाचे पडदे लावले, तेही जनावराच्या पाठीच्या थोडे वरपर्यंतच. त्याच्या वरची हातभर जागा कितीही थंडी पडली तरी उघडी राहते. ऊन आले की पडदे गुंडाळायचे आणि अंधार पडताना सोडायचे, हे काम अण्णांच्या नातवाकडे आहे. शेकोटी गोठ्याबाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला पेटते. बंद गोठ्यात निखाऱ्यांची पाटी ठेवण्याची जी पद्धत काही ठिकाणी दिसते ती फार धोक्याची आहे, कारण निखाऱ्यांतून निघणारा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही आणि नाकालाही कळत नाही.

अंथरुणासाठी उसाच्या पाचटासारखी स्वस्त वस्तू आपल्या भागात दुसरी नाही, आणि तीच आपण शेतात पेटवून देतो याचे मला मनापासून वाईट वाटते. वीतभर जाडीचा थर, ओला झालेला भाग रोज सकाळी उचलून उकिरड्यात, वर नवे पाचट. ते पुरेसे कोरडे आहे की नाही हे पाहण्याची साधी रीत अशी : वासराच्या जागेवर गुडघा टेकून पंचवीस आकडे मोजेपर्यंत बसायचे आणि उठून पायजमा पाहायचा. गुडघ्यावर ओल उमटली असेल तर वासराचे पोट रात्रभर तीच ओल सोसते आहे. अण्णा सत्तरी ओलांडलेले आहेत, पण रोज संध्याकाळी ते असा गुडघा टेकतात.

खाण्यापिण्यात आम्ही जो सर्वांत मोठा बदल केला त्याला एक रुपयाही लागला नाही. चोथा असलेली वैरण कोटीपोटात, म्हणजे जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटात, आंबते तेव्हा उष्णता तयार होते, आणि ती खाल्ल्यावर बरेच तास मिळत राहते. आमच्याकडे पूर्वी कडब्याचा मोठा वाटा सकाळी पडायचा आणि संध्याकाळी हिरव्यावर भागायचे. म्हणजे ज्या वेळी अंगात ऊब हवी त्या वेळी पोटात पाणीच जास्त. आता सुक्या वैरणीचा दोन तृतीयांश वाटा संध्याकाळी सात वाजता गव्हाणीत पडतो. आमचा बैल साधारण साडेचारशे किलोचा आहे. वजनाच्या २ ते २.५ टक्के कोरडा भाग धरला तर त्याला दिवसाला ९ ते ११ किलो लागतो, आणि लाटेच्या दिवसांत तो आपणहून जास्त खातो. तेव्हा हात आखडता घेऊ नये. कडबा कुट्टी करूनच द्यावा, नाहीतर जनावर पाने ओढून धाटे पायाखाली घालते.

अडचण अशी की रब्बी ज्वारीचा नवा कडबा फेब्रुवारी-मार्चशिवाय हाती येत नाही, आणि डिसेंबरात गंजी तळाला लागलेली असते. नेमके त्याच वेळी उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला, मुबलक मिळते, आणि सगळे गाव वाढ्यावर निभावते. वाढ्यात ऑक्झॅलेट बरेच असते. ते चाऱ्यातले कॅल्शियम बांधून टाकते, आणि महिनोन्‌महिने नुसत्या वाढ्यावर ठेवलेली दुभती किंवा गाभण गाय आतून खंगत जाते. आम्ही वाढ्याची कुट्टी करून त्यावर चुन्याची निवळी शिंपडतो, कडबा किंवा मुरघास (हवाबंद खड्ड्यात मुरवलेला हिरवा चारा) मिसळतो, आणि प्रत्येक मोठ्या जनावरामागे ५० ग्रॅम खनिज मिश्रण व थोडे मीठ रोज चुकवत नाही. मुरघासाचा खड्डा पावसाळी मक्यावर भरून ठेवला तर तो दीड महिन्यात तयार होतो आणि जानेवारीची ओढाताण पुष्कळ कमी होते. यंदा आम्ही तो पहिल्यांदाच भरला.

लसूणघास पहाटे दव असताना कापून लगेच टाकू नये. ओला कोवळा घास रिकाम्या पोटी गेला की डावी कूस नगाऱ्यासारखी फुगते, आणि पोटफुगी डॉक्टर येण्याची वाट पाहत नाही. आधी मूठभर तरी कुट्टी खाऊ द्यावी, दव उतरल्यावर कापलेला घास तासभर सुकू द्यावा, मग द्यावा. हेच लग्नसराईतल्या उरलेल्या भात-पुऱ्यांचे. तुळशीचे लग्न झाले की मंगल कार्यालयांतून घमेली भरभरून अन्न गोठ्यात येते. ते देणाऱ्याची भावना चांगली असते, पण एका वेळी एवढे पिष्ट पोटात गेले की कोटीपोटात आम्ल वाढून जनावर आडवे होते. थंडीत खुराक वाढवायचाच असेल तर पाव-पाव किलोने, आठवडाभरात वाढवावा.

पाण्याकडे फार कमी लोक पाहतात. हौदात रात्रभर गारठलेले पाणी जनावर तोंड लावून सोडून देते. पाणी कमी पडले की सुकी वैरणही कमी जाते, आणि शेणाचे घट्ट गोळे पडू लागतात. शेण पाहिले की हे लगेच कळते. बोअरचे ताजे पाणी थंडीत हाताला कोमट लागते, म्हणून आम्ही सकाळी हौद रिकामा करून मोटार चालू करतो आणि जनावरे तिथेच सोडतो.

गोठ्यातल्या सगळ्यांना एकच माप लावून चालत नाही. होल्स्टीनचे रक्त असलेल्या संकरित गाई या दिवसांत उन्हाळ्यापेक्षा जास्त खूश असतात. म्हशीच्या अंगावर केस विरळ, तिला गारठा लवकर लागतो, म्हणून तिला धुणे दुपारी बारानंतरच. याच महिन्यांत म्हैस माजावर येते आणि तो माज बहुधा मुका असतो, म्हणजे बाहेरून फारसा कळत नाही, तेव्हा पहाटे आणि रात्री निजण्याआधी तिच्याकडे एक नजर टाकावीच लागते.

आमच्या बांधाजवळच्या रस्त्याने ऊसतोडीच्या बैलगाड्या जातात. दिवसभर ओझे ओढून घामेजलेले बैल रात्री तोडणी कामगारांच्या कोपीशेजारी, म्हणजे झोपडीशेजारी, उघड्यावर उभे असतात आणि समोर नुसते वाढे असते. ओले अंग, वारा आणि हलके पोट हे सगळे तिथे एकत्र आलेले असते. अण्णांनी यंदा त्या कुटुंबांना जाळीलगतची मोकळी जागा आणि पाचट दिले आहे. गाडी सुटल्याबरोबर बारदानाने बैलांची पाठ पुसून कोरडी करायची, एवढे तिथली मुलेही आता करतात.

मागच्या सोमवारी रात्री आमची गाय व्यायली. अण्णांनी कालवड बारदानाने खरबरीत पुसून कोरडी केली, नाळेला टिंक्चर आयोडीन लावले आणि तासाभराच्या आत तिला चीक पाजला. वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पहिल्या दिवसात पोटात जायला हवा आणि पहिला घोट जितका लवकर तितका चांगला, हे त्यांना आता कोणी सांगावे लागत नाही. अंगावर बारदानाची झूल आहे; ती ऊन आल्यावर काढतात, नाहीतर आत घाम धरतो. आज सकाळी फोनवर त्यांनी सांगितले, ‘खाली कोरडं आहे, वरची फट उघडी आहे, आणि कालवड गव्हाणीतली कुट्टी हुंगायला लागली आहे.’ शनिवारी मी गावी जाताना नारायणगावहून खनिज मिश्रणाची पिशवी घेऊन जाणार आहे. आधीची संपत आली आहे.