आमची वाटचाल: तालुक्याच्या दवाखान्यांसोबत

नागपुरात धंतोली-रामदासपेठेत दर चार पावलांवर हॉस्पिटलची पाटी दिसते. उमरेड ओलांडून भिवापूरकडे निघा किंवा काटोलहून नरखेडकडे जा, चित्र बदलतं. तिथे दहा-पंधरा खाटांचा एखादा दवाखाना असतो. बहुतेक वेळा डॉक्टर नवरा-बायको तो चालवतात, खाली ओपीडी आणि वर घर. अडलेली बाळंतीण, साप चावलेला शेतमजूर, फवारणीची विषबाधा झालेला पोरगा, सगळे आधी तिथेच येतात. असा दवाखाना कागदपत्रांअभावी बंद पडला तर गावाला नागपूर गाठावं लागतं, आणि रात्री दोन वाजता ते अंतर फार मोठं असतं. अशा दवाखान्यांचे परवाने, कागदपत्रं आणि तपासणीची तयारी आम्ही करून देतो, आणि त्याचं कारण एवढंच आहे.

मी आधी शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या क्वालिटी विभागात होते. माझे भागीदार बायोमेडिकल इंजिनियर. मोठ्या हॉस्पिटलात नियमांचं पाहायला स्वतंत्र विभाग असतो, तालुक्याला ते सगळं डॉक्टरांच्याच डोक्यावर येतं. नर्सिंग होम कायद्याखालची नोंदणी, प्रदूषण मंडळाचं अधिकारपत्र, फायरचं प्रमाणपत्र, सोनोग्राफी मशीनची पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा) नोंदणी, एक्स-रेसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना, औषध दुकानाचं लायसन्स. प्रत्येकाचं कार्यालय वेगळं, मुदत वेगळी. नर्सिंग होमचं नूतनीकरण तीन वर्षांनी, सोनोग्राफीचं पाच वर्षांनी. सुरुवातीला आम्ही फक्त पन्नास खाटांपर्यंतच्या हॉस्पिटलांची एनएबीएच (हॉस्पिटलच्या दर्जाला मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) एन्ट्री लेव्हलची, म्हणजे पहिल्या पायरीच्या मान्यतेची, तयारी करून देत होतो. पण डॉक्टर फाइल पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, ‘मॅडम, हे पण पाहून घ्या ना जी.’ तसं काम वाढत गेलं.

9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. भंडारा आमच्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर. त्यानंतर आमच्या कामाचा क्रमच बदलला. आता कुठल्याही दवाखान्यात गेलो की आम्ही आधी मीटर आणि वायरिंग पाहतो, फाइल नंतर. मूळ वायरिंग घरगुती वापराच्या हिशोबाने झालेलं असतं. पुढे त्याच बोर्डावर एसी येतो, बेबी वॉर्मर येतो, कोविडनंतर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर येतो. मागच्या जिन्यात जुन्या खाटा रचलेल्या असतात आणि त्या दाराची किल्ली घरमालकाकडे. परवानाधारक एजन्सीकडून जानेवारी आणि जुलैमध्ये, म्हणजे वर्षातून दोनदा, फॉर्म बी, म्हणजे आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, घ्यावा लागतो. तो आम्ही करून घेतोच. पण आग विझवायच्या सिलिंडरची पिन ओढता येणारा माणूस रात्रपाळीला नसेल तर त्या कागदाचा काय उपयोग? म्हणून मॉकड्रिल आम्ही रात्रीच घेतो. एक सिस्टर, एक मावशी, वर सहा पेशंट. बाळ कोणी उचलायचं, सिझर झालेल्या बाईला कोणी धरायचं, मेन स्विच कोणी बंद करायचा, हे नावानिशी ठरवून भिंतीवर लावतो.

सगळ्यात जास्त वेळ मात्र आम्ही कचऱ्यावर आणि तो उचलणाऱ्या मावशींवर देतो, आणि देत राहणार. दवाखान्यातल्या कचऱ्याच्या 2016 च्या नियमांचा तक्ता प्रत्येक दवाखान्यात लटकलेला असतो, बहुतेक इंग्रजीत. आम्ही टेबलावर खऱ्या वस्तूच मांडतो. सलाईनचा सेट आणि हातमोजे लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या, सुई नि ब्लेड न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काचेची व्हायल निळ्या खोक्यात. अर्ध्या तासात मावशींना सगळं पाठ होतं, आणि मग त्या असे प्रश्न विचारतात जे कुठल्याही चेकलिस्टमध्ये नसतात. भिवापूरकडच्या एका मावशींनी विचारलं, ‘ताई, सुई टोचली तर सांगायचं कोणाले? सर रागावतीन.’ त्या प्रश्नानंतर आम्ही प्रत्येक ठिकाणी हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताच्या लसींची नोंद मावशींपासून सुरू करतो आणि सुई टोचल्याची नोंदवही सिस्टरच्या टेबलावर ठेवतो. कर्मचाऱ्यांचं लसीकरण हे नियमातच आहे, फक्त ते मावशींपर्यंत पोहोचत नाही.

कचरा नेणाऱ्या गाडीचा प्रश्न वेगळाच. 75 किलोमीटरच्या आत अनेक दवाखान्यांच्या कचऱ्याचं सामायिक प्रक्रिया केंद्र असेल तर दवाखान्याला स्वतःची व्यवस्था उभारता येत नाही, आणि मानवी अवयव किंवा रक्तामांसाने माखलेला कचरा 48 तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की गाडी येत नाही. नियमाने अशा वेळी कचरा सुरक्षित ठेवून कारणासह प्रदूषण मंडळाला कळवायची सोय दिली आहे. फार थोड्या डॉक्टरांना ते ठाऊक असतं. आम्ही त्या पत्राचा मराठी नमुना करून ठेवला आहे.

‘तपासणीची टीम सोमवारी येणार आहे, मागच्या वर्षाची रजिस्टरं भरून द्या,’ असा फोन अजूनही येतो. ते काम आम्ही घेत नाही. त्यामुळे काही डॉक्टर आमच्याकडून गेले, ते जाणार हे आम्ही गृहीत धरलं होतं. एकाच पेनाने एकाच बैठकीत भरलेलं ऑटोक्लेव्हचं (वाफेने अवजारं निर्जंतुक करायचं यंत्र) रजिस्टर तपासणाऱ्याला लगेच कळतं, पण कळलं नसतं तरी आम्ही ते केलं नसतं. निर्जंतुक न केलेल्या कात्र्यांवर निर्जंतुक केल्याची सही म्हणजे पुढच्या बाईच्या टाक्यांत पू. आणि फॉर्म एफ, म्हणजे गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद, यात तर कायदाच कडक आहे. नोंदीतली उणीव हाच गुन्हा धरला जातो आणि तसं नाही हे डॉक्टरांनीच सिद्ध करायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ही तरतूद कायम ठेवली. त्यामुळे तपासणी संपली की त्याच वेळी फॉर्म पूर्ण करून सही, आणि महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या पाच तारखेच्या आत, यात आम्ही कुणालाच सूट देत नाही.

खऱ्या तपासणीच्या आधी आमची एक तपासणी होते. आम्ही इमर्जन्सी ट्रॉलीचा खण उघडायला सांगतो. अॅड्रिनॅलिनची एक्स्पायरी, लॅरिंगोस्कोपचा (श्वासनळीत नळी घालताना घसा पाहायचं साधन) दिवा लागतो का, सर्पदंशावरच्या प्रतिविषाच्या किती बाटल्या आहेत. विषाची लक्षणं दिसली की सुरुवातच साधारण दहा बाटल्यांनी होते, आणि धानाच्या रोवणीच्या दिवसांत दोन बाटल्या ठेवून भागत नाही. इन्स्पेक्टर हे विचारोत न विचारोत, आम्ही विचारतो. दर्शनी भागात दरफलक आणि रुग्णहक्कांची सनद मराठीत लावतो, तीही नातेवाइकांना वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत. नर्सिंग होम नियमांच्या 2021 च्या दुरुस्तीनंतर ती लावणं बंधनकारकच आहे.

फी हप्त्याने घेतो, कारण दवाखान्याचं उत्पन्न शेतीच्या हंगामावर हलतं. आमच्या टीममध्ये आता दोन सिस्टर अशाच तालुक्याच्या दवाखान्यांतून आलेल्या आहेत, आणि प्रशिक्षण आमच्यापेक्षा त्याच जास्त चांगलं घेतात. 30 जूनच्या आत प्रदूषण मंडळाचे वार्षिक अहवाल पाठवून झाले की त्या दोघी पवनी-लाखांदूर भागातल्या दवाखान्यांमध्ये रात्रपाळीचं प्रशिक्षण सुरू करतील. त्यासाठी लागणारे मराठी तक्ते छापायला गेले आहेत.