पहिला गड निवडताना उतार बघा

डोंगर चढायला नव्यानं सुरुवात करणारे सगळे एकच विचारतात, "मला चढता येईल का?" चढताना दम लागला की माणूस थांबतो, पाणी पितो, पुन्हा निघतो. चढणीवर शरीर आपणहून लगाम घालतं. उतरताना तसं होत नाही. पाय थकलेले, ऊन डोक्यावर आलेलं, गाडी गाठायची घाई आणि खाली घसारा, म्हणजे मोकळ्या मुरमाची निसरडी वाट. घोटे मुरगळतात ते तिथे. म्हणून पहिला गड निवडताना किती उंच आहे यापेक्षा उतरायची वाट कशी आहे ते आधी बघा.

या हिशेबानं पहिल्यांदा लोहगड चांगला. उंची १०३३ मीटर, पण लोहगडवाडीपासून माथ्यापर्यंत बांधीव पायऱ्या आहेत. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओळीनं लागतात, त्यामुळे वाट चुकायचा प्रश्नच नाही. पुणे-लोणावळा लोकलनं मळवलीला उतरावं. मुंबईहून येणाऱ्यांनी लोणावळ्याला उतरून पुण्याकडची लोकल घ्यावी, मळवली पुढचंच स्टेशन आहे. तिथून भाजे गावातून गायमुख खिंडीमार्गे लोहगडवाडीपर्यंत रमतगमत दीड ते दोन तास, मग पायऱ्यांचा पाऊण तास. थेट वाडीपर्यंत गाडी नेता येते, पण मग चालणं होतच नाही. परतीच्या लोकलची वेळ आधीच बघून ठेवा. दिवसा दोन गाड्यांत बराच खंड पडू शकतो. पावसाळ्यातल्या रविवारी मात्र इथे जाऊ नका. ओल्या पायऱ्या आणि अरुंद दरवाज्यात अडकलेली गर्दी हे नवख्यासाठी फार वाईट.

पुणेकरांना सरावासाठी सिंहगडाची आतकरवाडीची वाट आहे. साधारण ६०० मीटरची चढाई, सुरुवातीला दीड-दोन तास लागतात. महिन्यातून दोनदा तीच वाट केली तरी पायांत फरक जाणवतो. वर पिठलं-भाकरी खाऊन लगेच उतरायला लागू नका, अर्धा तास बसा.

वेळेचा एक जुना ठोकताळा आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये मांडलेला: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. सह्याद्रीच्या उन्हात आणि खडबडीत वाटेवर नवख्यानं हा हिशेब जसाच्या तसा धरू नये. ३०० मीटर चढाईला एक तास धरा. उतरायला चढण्याइतकाच वेळ ठेवा, कमी नाही. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून कुठेही असलात तरी माघारी वळायची वेळ घरून निघतानाच ठरवा. माथा दहा मिनिटांवर दिसत असला तरी त्या वेळेला वळायचं.

आता घसाऱ्याबद्दल, कारण नवख्यांची खरी अडचण इथेच होते. सह्याद्री हा लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला डोंगर. कठीण थराचा उभा कडा होतो आणि मऊ थर झिजून त्याचा मुरूम होतो. पाऊस संपून वाट सुकली की हा मुरूम कडक जमिनीवर मोकळा पसरतो, ज्वारीच्या दाण्यांवर पाय ठेवल्यासारखा. भीती वाटली की माणूस मागे झुकतो आणि टाचेवर भार देतो. त्यानं पाऊल पुढे सरकतं आणि बूड आपटतं. करायचं उलट: गुडघे किंचित वाकवा, अंग पावलांच्या बरोबर वर ठेवा, पावलं आखूड टाका आणि पूर्ण तळवा टेकवा. उतार फार तीव्र असेल तर आडवं वळून एक बाजू खाली ठेवून उतरा. घसाऱ्यात रुतलेला मोठा दगड किंवा गवताचा बुंधा दिसला तर पाऊल त्याच्या वरच्या बाजूला टेकवा. कारवीच्या झुडपाच्या वाळक्या काठीला धरून लोंबकळू नका, ती मुळासकट हातात येते. हातात बांबूची काठी असेल तर ती आधी खाली टेकवायची, मग पाऊल. दोघांत चार-पाच पावलांचं अंतर ठेवा आणि दगड सुटला तर "दगड!" म्हणून मोठ्यानं ओरडा.

बूट नेहमीच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठे घ्या, संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना मोजे घालून बघा. तळ खोल खाचांचा आणि मऊ रबराचा हवा. कडक तळ ओल्या कातळावर धरत नाही, आणि शेवाळावर तर कुठलाच धरत नाही, तिथे पाय ठेवूच नये. उतरण्याआधी नाडी घोट्यापाशी पुन्हा आवळा. ती ढिली राहिली की पाऊल पुढे सरकून अंगठा बुटावर आपटतो आणि नख काळं पडतं. नखं आदल्या दिवशी कापून ठेवा. जीन्स नको: घामानं भिजली की गुडघ्याला चिकटते आणि पाय उचलवत नाही.

पाणी हिवाळ्यातही माणशी ३ लिटर. त्यातलं एक लिटर उतरण्यासाठी राखून ठेवा. बरोबर ओआरएसची दोन पाकिटं ठेवा. पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच, म्हणजे मोठं पाकीट एक लिटर पाण्यात मिसळा. घट्ट केलं तर उलट त्रास होतो. खायला गूळ-शेंगदाणे, खजूर, थेपले, संत्री. शिवाय हेडटॉर्च, शिट्टी, क्रेप बँडेज, टोपी, अंगभर बाह्यांचा शर्ट. पाण्यासकट सॅक ५ किलोच्या वर जाऊ देऊ नका. अत्तर आणि डिओ घरी ठेवा, गडावर धूर करू नका. कड्यांना आग्यामोहोळं असतात.

वाट चुकण्याचं मुख्य कारण ढोरवाटा. गुरांची वाट सुरुवातीला मळलेल्या वाटेसारखीच दिसते, मग बारीक होत कारवीत किंवा पाणवठ्यावर संपते. दहा मिनिटं बाण नाही, दगडांची लगोरी नाही, झिजलेला दगड नाही, असं झालं तर खात्रीच्या शेवटच्या जागेपर्यंत मागे या. चढताना प्रत्येक फाट्यावर मागे वळून बघा, कारण उतरताना तोच फाटा वेगळा दिसतो. आणि काहीही झालं तरी ओढ्याच्या पात्रातून खाली उतरायला सुरुवात करू नका. ओढा गावातच जाणार, हे खरं असलं तरी मधल्या कातळथरावरून तो धबधबा होऊन पडतो. वरून तो सुकलेला टप्पा दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा मागे चढता येत नाही. अडकलात तर आहात तिथेच बसा, शिट्टी वाजवा, रेंज असेल तर ११२ लावा.

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत सुरुवात करावी. मार्चनंतर पहाटे निघून अकराच्या आत खाली यावं. लोहगडानंतर कोरीगड किंवा तिकोना, मग पाली दरवाज्यानं राजगड, मग १६४६ मीटरचं कळसूबाई. तिथे शिड्या आहेत, त्यांचा सराव होतो. हरिहर गडाच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या मात्र बऱ्याच नंतर. त्यांचे फोटो सगळे चढतानाचे असतात. उतरताना तोंड कातळाकडे करून, हात खोबणीत घालून, खालची पायरी न दिसता पायानं चाचपत यावं लागतं.