विमानातल्या तारांची टोके
घरी बांधत असलेल्या विमानाच्या वायरिंगसाठी कनेक्टर निवडताना माझा सर्वाधिक वेळ सोल्डर (वितळलेल्या धातूने केलेला जोड) की क्रिम्प (धातूची नळी तारेवर दाबून केलेला जोड) या प्रश्नात गेला. सोल्डर तारेच्या पेडांमधून इन्सुलेशनखाली झिरपते, तेवढा भाग ताठ होतो आणि जिथे तो संपून तार पुन्हा लवचीक होते, नेमक्या त्याच जागी इंजिनाच्या कंपनांमुळे एकेक पेड तुटू लागतो. सोल्डर वाईट नव्हे. त्या जोडाला मागून आधार हवा, एवढेच.

म्हणून मी नायलॉनचे आवरण आणि आत धातूची नळी असलेली रिंग टर्मिनल (तारेच्या टोकाला बसणारी, स्क्रूसाठी भोक असलेली कडी) घेतली, ज्यांत एक दाब उघड्या तारेवर आणि दुसरा इन्सुलेशनवर बसतो. २२ ते १६ गेजला (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा आकडा; तो जितका मोठा, तितकी तार बारीक) लाल आवरण, १६ ते १४ ला निळे, १२ ते १० ला पिवळे. रंग चुकला की पकड चुकली. नट थोडा सैल झाला तरी रिंग स्क्रूवरच राहते, दुतोंडी (एका बाजूने उघडे) टर्मिनल मात्र घसरून निघते. रेडिओच्या बारीक तारांना डी-सब (अनेक पिनांचे छोटे कनेक्टर) पुरेसे आहेत. क्रिम्प करायचे हत्यार रॅचेटचेच घ्यावे, कारण दाब पूर्ण झाल्याशिवाय ते उघडत नाही. साध्या पकडीने केलेल्या माझ्या पहिल्या क्रिम्पमधून तार हाताने ओढताच अलगद बाहेर आली होती.